समरकंदला गेलेली रजई

नेरला आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो, आणि ज्या दिवशी येतो त्या सकाळी कुणाला कुणाशी बोलायला वेळ नसतो. त्या दिवशी नळाची पाळी होती. अंगणात पिंप भरत होतं, कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती, यांचा डबा अर्धा झाला होता, आणि तव्यावरची पोळी फुगायला लागली तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. वाजली ती वाजतच राहिली. दूधवाला एकदा वाजवून पुढे जातो. शेजारच्या पुष्पाताई तर कडी न वाजवताच आत येतात. हे कुणी तिसरंच होतं.

"कोण आहे?" मी आतूनच ओरडले.

"मी हाये ताई, फरहाना. तुम्ही पयले पोळी पाहा, जळून राह्यली. वास इथलोक येते."

पोळी खरंच जळली होती.

फरहाना आदल्या संध्याकाळीच परदेशातून परतली होती. गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, कारण तिचा भाऊ अब्रार, त्याच्या मोटारसायकलवरून ती उतरली तेव्हा अर्धी गल्ली ओट्यावर होती. एवढ्या लांबून आलेलं माणूस दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपतं. ही मात्र स्वेटरवर ओढणी घट्ट गुंडाळून माझ्या दारात. आत आली, चपला काढल्या, भरून वाहणाऱ्या पिंपातली नळी उचलून बादलीत टाकली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकून बसली.

"काही झालं का गं तिकडे?"

"झालं बी अन् नाई बी. एक काम हाये तुमच्याकडं. पण ते आधी सांगतलं तं तुम्ही हसाल. म्हून पयल्यापासून सांगते. डबा करा तुम्ही, हात थांबवू नका."

फरहाना म्हणजे युनूसभाईंची थोरली. बसस्टँडकडून कापूस बाजाराकडे जाताना डाव्या हाताला जे गादी-रजईचं दुकान लागतं, ते त्यांचं. पुढे एक खोली, मागे रुई पिंजायचं यंत्र, त्याच्या मागे घर. युनूसभाईंना दम्यानं गाठलं तेव्हा फरहाना दहावीत होती. परीक्षा दिली, चांगली पास झाली, आणि यंत्रावर जी बसली ती अजून उठलेली नाही. आता तिशी ओलांडली. लग्नाचं कुणी काढलं की म्हणते, "यंत्र बिघडलं का पाहू." यंत्र बिघडलं की स्वतःच खोलून दुरुस्त करते, त्यामुळे तो दिवस काही उगवत नाही.

तिची मुख्य खोड म्हणजे चौकशी. एखादी वस्तू समोर आली की ती अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबून बघते. आमच्याकडे सोफा आला तेव्हा बसण्याआधी तिनं तो सगळीकडून दाबला आणि म्हणाली, "स्पंज हाये, ताई. तीन वर्षं." माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेवाच्या फेट्याला हात घालताना मी तिला पाहिलंय. आत काय आहे, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. माणसांच्या बाबतीतही तसंच. फक्त माणसं दाबून बघता येत नाहीत, म्हणून ती प्रश्न विचारते.

आणि तरीही एक प्रश्न ती दोन वर्षं विचारू शकली नव्हती. तो तिच्या धाकट्या बहिणीला विचारायचा होता.

धाकटी गझाला. दोघींमध्ये दहा-अकरा वर्षांचं अंतर, त्यामुळे गझाला अर्धी आईची, म्हणजे हमीदाभाभींची, आणि अर्धी फरहानाची लेक. हुशार निघाली. इथे डॉक्टरीला नंबर लागला नाही, मग कुणाकुणाच्या ओळखीतून उझबेकिस्तानात, समरकंदला शिकायला गेली. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात घरी आली होती. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, ती फिरकली नाही. फोनवर रोज बोलायची, हसायची, अब्बांना औषधांची आठवण द्यायची. पण घरी येण्याचं काढलं की कधी परीक्षा, कधी दवाखान्यातली ड्यूटी, कधी तिकीट. हमीदाभाभींनी हाय खाल्ली. माझ्याकडे मिरच्या वाळवायला आल्या की एकच: "पोट्टी आपली राह्यली का नाई, तेवढं कोणी मले सांगा." गुडघ्यांमुळे त्यांना पायरी चढवेना, मग विमान कुठलं. मायलेकींनी मक्केला, उमऱ्याला जाण्यासाठी पासपोर्ट काढून ठेवले होते. संक्रांत होऊन रजईचं काम ओसरलं आणि तिकडे गझालाची हिवाळ्याची सुट्टी लागली, तेव्हा हमीदाभाभींनीच फरहानाला उभं केलं. "तू जा. घूम, फिर, पण तिले समोरासमोर इचारून ये. घरी येनार हाये का नाई. जे असन ते मले सांग."

एवढंच काम घेऊन फरहाना निघाली. आणि सोबत एक रजई.

"रजई कशाला?" मी तेव्हाही विचारलं होतं, आणि आता पोळी लाटता लाटता परत विचारलं.

"ताई, तिथं बर्फ पडते! पोट्टी कशात झोपत असन? मी लय जिवापाड केलती ती रजई. मखमलची खोळ, डाळिंबी रंगाची. नवी रुई, पहिल्या वेचणीची. टाके मी स्वतः घातले, वेलीचे. यवतमाळच्या नवरीले बी अशी देल्ली नाई कधी."

नवी रुई म्हणाली तेव्हा मी मान वर केली, कारण युनूसभाईंच्या घरातला रिवाज मला ठाऊक होता. नव्या रुईवर घरच्या माणसानं झोपायचं नाही. नवी रुई गिऱ्हाइकाची, आणि घरात भरलीच तर मेहमानाची. घरच्यांसाठी जुन्या गाद्या उसवायच्या, रुई उन्हात पसरायची, परत पिंजायची आणि परत भरायची. फरहाना ज्या गादीवर झोपते तिच्यातली रुई तिच्या दादीच्या वेळची आहे असं हमीदाभाभी सांगतात. मध्ये मध्ये थोडी नवी पडली असेल, पण दही लावताना विरजण टाकावं तशी. विकायच्या मालावर आपण लोळायचं नाही, हे त्यामागचं साधं कारण असावं. पण पिढ्यान् पिढ्या चालत आलं की कारण मागे राहतं आणि रिवाज पुढे येतो.

मी पुढची पोळी लाटायला घेतली. तिनं हात थांबवू नका सांगितलं होतं.

दिल्लीपर्यंत अब्रार सोबत होता. पुढे ती एकटी. विमानतळावर तिची रजई यंत्रातून गेली आणि तिथल्या साहेबानं ती परत उलटी फिरवून घेतली.

"मले म्हणते, 'इसमें क्या है?' मी म्हटलं, 'रुई.' म्हणते, 'और?' मी म्हटलं, 'और रुई.' म्हणते, 'अंदर क्या है?' म्हटलं साहब, अंदरही तो रुई है, बाहर मखमल है! मागं गंज मोठी लाईन लागली. मंग एक मॅडम आली, तिनं दाबून पाह्यली. दोन बोटांनं नाई, मुठीनं. मले समजलं, हिले काई येत नाई. पण सोडलं बाप्पा."

विमानात बसल्यावर तिनं पहिल्यांदा तिथलं कांबळं दाबून पाहिलं. सगळं नायलॉन. "तरी त्याईले म्हटलं, चांगलं हाये."

ताश्कंदला गझाला घ्यायला आली होती. लांब काळा कोट, डोक्याला लोकरीची टोपी, उंच झाल्यासारखी दिसत होती. दोघी गळ्यात पडून रडल्या. मग आगगाडीनं समरकंदला. खोलीवर पोचल्यावर फरहानानं दोरी सोडली, रजई पलंगावर अंथरली आणि बाजूला उभी राहिली. गझालाच्या दोन मैत्रिणी बघायला आल्या, एक केरळची, एक भोपाळची. त्यांनी "वा, वा" केलं. गझालानं रजईचा कोपरा धरला, अंगठा आणि दोन बोटांत, अगदी घरच्यासारखा, आणि म्हणाली, "आपा, नवी रुई हाये."

"हाव मंग! तुझ्यासाठी!"

गझाला हसली. छान आहे म्हणाली. घडी केली आणि कपाटावर ठेवून दिली.

"मले वाटलं, थंडी वाजली का काढन. ताई, थंडी वाजतच नाई तिथं! भिंतीले लोखंडाचे नळे, त्यातून गरम पाणी फिरते. बाहेर बर्फ अन् आत पोट्ट्या अर्ध्या बाह्याच्या कुर्त्यात. खिडकी उघडून झोपतात. मी एवढ्या दुरून रजई नेली अन् ते भोपाळवाली तिच्यावर कपडे इस्त्री कराले लागली. चांगली गादी हाये म्हणते, इस्त्रीले."

मी हसले. फरहानाही हसली, पण तिचं हसणं लवकर संपलं. तिच्या डोक्यात रजई कपाटावर गेली तो क्षण अडकून होता. खोली गरम आहे म्हणून काढत नाही, हे खरं. पण नुसतं तेवढंच असतं तर पोरीनं हात फिरवला असता, कशी केलीस विचारलं असतं. मखमलीची लाज वाटली का हिला मैत्रिणींपुढे? का घरची कुठलीच वस्तू आता नकोशी झाली? अम्मीचा प्रश्न तिला एकदम जड झाला.

दुसऱ्या दिवसापासून दोघींचं फिरणं सुरू झालं. ते ऐकताना माझा डबा, भाजी, सगळं मागे पडलं. हे आपले स्वतःच आत येऊन डबा बांधून घेऊन गेले.

निळ्या फरशांच्या एवढ्या मोठ्या इमारती, की मान दुखेपर्यंत बघावं. फरहानानं फरशीवर बोटं टेकवून पाहिली, गार, काचेसारखी. बाजारात गोल नान, मध्ये शिक्का मारल्यासारखी नक्षी. ती नक्षी कशानं करतात, म्हणून तिनं नानवालीला तिचं हत्यार दाखवायला लावलं. लाकडी मूठ, खाली खिळेच खिळे. म्हाताऱ्या बायकांचे समोरचे दात सोन्याचे. "गझाला म्हणे, टक लावून पाहू नको. आता दात सोन्याचे ठेवते बाई अन् आपन पाहाचं नाई?" खरबुजं बोरूच्या जाळीत बांधून छताला टांगलेली, भर हिवाळ्यात गोड. आणि बर्फ. बर्फ तिनं अर्थातच बोटांत धरून दाबला. "दिसाले पिंजलेली रुई अन् दाबलं का पाणी. एवढं फसवं भरण मी जिंदगीत पाह्यलं नाई."

"आणि विचारलंस का तिला?"

"तेच तं. मी घरचं नाव काढलं का ते मले एक घुमट दाखवे. 'आपा, ते पाह्य, ते कोणाची कबर हाये माहीत हाये का?' तिथं घुमटाईची कमी नाई, ताई. जेवढ्या वेळा इचाराले गेली तेवढे घुमट पाहून आली."

गझाला तिची काळजी घेत होती. रस्ता ओलांडताना हात धरायची, चांगल्या हॉटेलात जेवायला न्यायची, भाव करायला तिथल्या बोलीत फाडफाड बोलायची. फरहानाला कौतुक वाटायचं आणि आत कुठेतरी टोचायचंही. ही आपल्याला पाहुणीसारखं फिरवतेय, असं तिला वाटत होतं. घरची माणसं एकमेकांना एवढं जपून बोलत नाहीत. एकदा तरी भांडावं हिनं, असं मनात यायचं.

मग त्या बुखाऱ्याला निघाल्या. आगगाडीच्या खिडकीतून मैलोन् मैल पांढुरकी सपाट जमीन. फरहाना काचेला नाक लावून बसली होती. एकाएकी ती उभीच राहिली आणि डब्यात ओरडली, "गझाला! पऱ्हाटी!"

वेचून झालेल्या कापसाची वाळकी झाडं. आपल्याकडे माघात शेतात उभी असतात तशीच, रांगेनं, एखाद्या बोंडात राहून गेलेलं पांढरं धरून. पुढे एका गावाजवळ घराघरांच्या भिंतींना पऱ्हाट्यांच्या मोळ्या रचून ठेवलेल्या, जळणासाठी. शेजारच्या बाकावरचा एक आजोबा तिच्या ओरडण्यानं दचकला होता. तिनं बोट दाखवून हातानं वेचण्याची खूण केली. तो म्हणाला, "पख्ता." हिनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "हमारे यहाँ भी पख्ता." मग दोघं आपापल्या भाषेत बराच वेळ बोलले. काय बोलले ते गझालालाही कळलं नाही, पण उतरताना त्या आजोबानं तिला खिशातून मनुका काढून दिल्या.

बुखाऱ्यापासून थोड्या अंतरावर एका खेड्यात गझालाच्या वर्गातली नीलूफर राहते. तिच्या आजीला सगळे बीबी म्हणतात. गझाला सुट्टीत अधूनमधून तिथे जायची, हे घरी कुणाला माहीत नव्हतं. बीबीनं बोलावलं म्हणून दोघी दोन दिवस राहायला गेल्या.

"आता नीट ऐका, ताई," फरहाना म्हणाली, आणि भरलेली बादली बाजूला सारून नळी दुसऱ्या बादलीत टाकली.

घर मातीचं, जाड भिंतींचं, पुढे लाकडी खांबांची पडवी. आत नळे वगैरे काही नाही, एक चूल आणि तिच्याभोवती ऊब. आणि एका भिंतीला, पेटीवर, छताला टेकेल एवढी गाद्यांची चळत. लांब, अरुंद, रंगीबेरंगी गाद्या. कुरपाचा म्हणतात त्यांना. आत रुई! फरहानाला कुठे बघू आणि काय दाबू असं झालं. पण बीबीनं तिला हात लावू दिला नाही. आधी मेहमान. हा शब्द तिथेही तोच, आणि मानही तोच. दारापासून सगळ्यांत लांबची जागा मेहमानाची. बीबीनं चळतीतून वरच्या, नव्या, सॅटिनच्या कुरपाचा काढल्या, एकावर एक रचल्या आणि फरहानाला वर बसवलं. पुढे जेवणाचं कापड, दस्तरखान, त्यावर नान, मनुका, अक्रोड, चहा. नान तिनं चुकून उलटा ठेवला, तिथे ते बरं मानत नाहीत, तर बीबीनं तो सुलटा केला.

"आणि गझाला?" मी विचारलं.

"गझाला बाहेर! कोट काढून फेकला तिनं, बाह्या वर केल्या अन् पऱ्हाट्या मोडून चुलीत घालत बसली. बीबी तिच्यावर ओरडे. ओल्या आनल्या, धूर करते, असं काईतरी. अन् पोट्टी हसे! मंग पियाले धुवाले गेली. एक फोडला. बीबीनं पाठीत धपाटा हानला, ताई, खराखुरा. मी दोन वरसात फोनवर तिले तसं हसतानी नाई पाह्यलं."

फरहाना उठली, मी पण धुते म्हणून. बीबीनं तिचे खांदे धरून खाली बसवलं. मेहमान! ती परत उठली, परत बसवली. शेवटी उंच गादीवर, हात मांडीवर ठेवून, तोंडापुढे अक्रोडांची ताटली, ती बसून राहिली आणि घरात चाललेलं काम बघत राहिली. "जीव गुदमरला माह्या. एवढं चांगलं खाऊ घालून राह्यले, एवढा मान देऊन राह्यले, अन् मले वाटे, उठून पळून जाव."

झोपायच्या वेळी तिच्यासाठी त्याच नव्या गाद्या. गझालानं मात्र बीबीच्या शेजारची, रोजच्या वापरातली चपटी कुरपाचा ओढली, विटलेली, एका कोपऱ्यात ठिगळ लावलेली, आणि त्यावर पडल्या पडल्या झोपून गेली.

सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. फरहाना उठून बाहेर आली, तर पडवीत चादर अंथरून बीबीनं एक जुनी कुरपाचा उसवली होती. त्यांच्याकडे रुई पिंजायला यंत्र नाही, पिंजाऱ्याची धनुकलीही नाही. दोन हातांत दोन लवचीक काड्या घ्यायच्या आणि रुईवर एकाआड एक मारत जायचं. सप सप सप सप. गठ्ठे सुटतात, रुई वर येते. फरहानानं हे कधी पाहिलं नव्हतं. ती खांबाशी बघत उभी राहिली.

काड्या गझालाच्या हातात होत्या. भुवयांवर रुई, नाकावर रुई, केसांत रुई, आणि तोंडानं बीबीला काहीतरी सांगणं चालू.

"अन् माह्या तोंडून काय निघालं, ताई? मी म्हटलं, 'गझाला, ठेव ते! हात खराब होतीन तुझे!'"

काड्या थांबल्या. गझालानं वर पाहिलं.

"पाह्य आपा," ती म्हणाली, "आताबी."

फरहानाला पहिल्यांदा काही कळलं नाही. गझाला उठली, तिला पडवीच्या पायरीवर घेऊन गेली. फरहानानं मग अम्मीचा प्रश्न एका दमात विचारून टाकला. घरी काहून येत नाही? येणार आहेस का नाही? बहाणा नको, घुमट नको.

गझालानं जे सांगितलं ते फरहानानं मला तिच्याच शब्दांत सांगितलं. घरात त्या उर्दूत बोलतात, पण माझ्यासाठी ती सगळं वऱ्हाडीत करून देते.

"म्हणे, आपा, मी मांगं आलती तं तुम्ही मले वरच्या खोलीत झोपवलं. नवा रंग देल्ला, कूलर लावला. नवी गादी, नव्या रुईची. मी म्हटलं माही गादी कुठी हाये, तं तू म्हणली, ते कायले पाहिजे आता तुले. मले वेगळं ताट, वेगळा गिलास, मले कॅनचं पाणी. मी टाके घालाले बसली तं तू सुई हिसकली, म्हणली, हे डॉक्टरचे हात हायेत. अम्मी मले चुलीपाशी येऊ देत नव्हती. अब्बा मी आत आली का उठून बसे, आपा. माहा बाप मले पाहून उठून बसे! गल्लीतल्या बाया पोराईच्या जिभा दाखवाले आने, अन् डॉक्टरीणबाई, डॉक्टरीणबाई. तिसऱ्या दिवशी मले समजलं, मी मेहमान हाये. मेहमान किती दिवस राह्यते? जाते मंग. म्हून मी येत नाई. अन् तू एवढ्या दुरून काय आनलं? नवी रुई."

नळाची धार बारीक झाली होती. मी गॅस बंद केला.

"मंग मी म्हटलं, अगं, आम्ही तं लाडानं केलं. तं म्हणे, माहीत हाये मले. म्हून तं कोणाले काई बोलली नाई." ओढणीनं तिनं नाक पुसलं. "ताई, आदल्या दिवशी त्या उंच गादीवर बसून माहा जीव गुदमरला नसता, तं मले हे समजलंबी नसतं. मी तिले म्हटलं असतं, एवढा मान भेटते अन् नखरे करते."

"मग?"

"मंग काय. बीबीनं हाक मारली, रुई उडून राह्यली म्हून. मी बी काड्या मागतल्या. एक रातभर मेहमान राह्यली, आता बस झालं, असं इशाऱ्यानं सांगतलं. बीबी हसली, सोन्याचे दात सगळे दिसले. देल्ल्या काड्या. मले जमलंच नाई, ताई. दोन हात एकाआड एक चालले पाहिजे, माहे दोन्ही संगं पडे. रुई माह्याच तोंडावर. गझाला मले शिकवे अन् मी चुके, अन् ते वैतागे. 'आपा, इतकं सोपं हाये, काहून येत नाई तुले?' भांडलो आम्ही तिथं, चांगल्या भांडलो. सकाळ कशी गेली समजलं नाई."

समरकंदच्या खोलीवर परतल्यावर त्यांनी मखमलीची रजई कपाटावरून खाली काढली. ती आता नीलूफरच्या घरी जाणार आहे, बीबीच्या चळतीत, मेहमानांसाठी. तिची जागा तीच आहे, असं दोघींचं ठरलं. आणि गझालानं कबूल केलं. जुलैत सुट्टी लागली की घरी येईल. एका अटीवर, आणि ती अट काय ते तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

काल संध्याकाळी फरहानानं हे सगळं अम्मीला सांगितलं. पोरगी येतेय म्हटल्यावर हमीदाभाभींनी डोळ्यांना पदर लावला, दुवा मागितली आणि तिथल्या तिथे अब्रारला हाक मारली, वरच्या खोलीला रंग द्यायला माणूस बघ म्हणून.

"म्हटलं अम्मी, तेच तं करू नको! तं म्हणते, मंग काय पोरीले भांडे घासाले लावू? म्हटलं, हाव, लाव. दोघी रातच्या जेवणापर्यंत झगडलो. अब्बा मधात बसून ऐकत होते. शेवटी अब्बाच म्हणले, 'मी उठनार नाई. ती आली का मी पडून राहीन.' अम्मी हसली तेव्हा. अन् मी माही गादी उसवाले घेतली. गझालाच्या जुन्या गादीची रुई माह्याच गादीत मिळवलती मी. वेगळी तं होत नाई आता, पण अर्धी काढून तिची भरते."

एवढं बोलून ती उठली. भरलेल्या दोन्ही बादल्या तिनं न्हाणीघरात नेऊन ठेवल्या, नळी गुंडाळून खुंटीला लावली. आता ती ते काम सांगणार, हे मला कळलं. तिला संकोच वाटत होता. ओढणीचं टोक बोटात धरून ती दाबत होती.

"घरचं मी पाहून घेईन, ताई. पण गल्लीचं काय करू? सगळ्या तुमचं ऐकतात. तुम्ही केलं का बाकीच्या करतात." मग तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "जुलैत गझाला तुमच्या घरी येईल. तिले डॉक्टरीणबाई म्हणू नका. एखादं काम सांगजा."